गोठ्यात जनावर गोल फिरतंय, भिंतीला डोकं लावतंय: पिसाळण्याच्या पलीकडचे हर्पीस विषाणू

पहाटे धारेच्या वेळी गोठ्यात जावं, तर दीड वर्षाची कालवड कपाळ भिंतीला टेकवून दात करकर खात उभी असते. तोंडात घेतलेला कडबा चावायचा राहून ओठांतून लोंबतोय. सोडली की एकाच अंगाला गोल फिरते आणि समोरची पाण्याची टाकी न दिसल्यासारखी तिच्यावर जाऊन आदळते. बेळगाव सीमाभागात चिक्कोडी-निपाणीपासून खानापूर-जांबोटीपर्यंत कुठल्याही गावात असं जनावर दिसलं, की पहिला शब्द निघतो, "पिसाळलं!" पहिल्या दिवशी तोच शब्द धरून चालावं, त्याचं कारण पुढे येईल. पण जनावर मेलं, पुरलं, घरच्यांनी लस घेतली आणि विषय तिथेच संपवला, की एक प्रश्न तसाच राहतो: हे पिसाळणंच होतं का? नसेल, तर ते दुखणं बाकीच्या दावणीत अजून आहे का?

मेंदूवर घाला घालणाऱ्या दुखण्यांत हर्पीस घराण्यातले विषाणू आहेत आणि आपल्या भागात ते सहसा कुणाच्या ध्यानातच येत नाहीत. गावाकडे त्यांना नाव नाही, आणि ज्या दुखण्याला नाव नाही त्याची तपासणीही कुणी मागत नाही.

नागीण आठवा, म्हणजे हर्पीस समजेल

लहानपणी कांजिण्या येऊन जातात. अंग स्वच्छ होतं, आपण विसरून जातो. पुढे पन्नाशी-साठीत अंगात कणकण येते आणि बरगडीच्या एका बाजूला फोडांचा पट्टा उठतो. ती नागीण. ती बाहेरून नव्याने आलेली नसते. कांजिण्यांचाच विषाणू इतकी वर्षं पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत झोपलेला असतो, शरीराची ताकद कमी पडली की उठतो. कांजिण्यांचा विषाणू हर्पीस घराण्यातलाच.

गायीचे हर्पीस विषाणू वेगळे आहेत आणि इथे सांगितलेले तिन्ही माणसाला होत नाहीत. पण यातल्या दोघांची तऱ्हा हीच. गायीच्या नाकातोंडाला, डोळ्याला संवेदना पुरवणारी एक मोठी नस असते. कवटीच्या तळाशी दोन्ही बाजूंना त्या नसेची एकेक गाठ असते. नाकात शिरलेला विषाणू नसेच्या धाग्यांतून मागे सरकत त्या गाठीत पोचतो आणि तिथेच ठाण मांडतो. ताप उतरतो, नाक वाहायचं थांबतं, दूध पूर्ववत होतं, आपण म्हणतो गाय बरी झाली. विषाणू मात्र गेलेला नसतो, जन्मभर तिथेच राहतो. रक्तात तो सापडत नाही आणि कुठलंही औषध त्या गाठीतून त्याला काढू शकत नाही. वेत, लांबचा प्रवास, उपासमार, दुसरं एखादं दुखणं असा ताण आला, की तो त्याच नसेने नाकाकडे परत येतो. अशी गाय स्वतः ठणठणीत दिसते आणि शेजारच्या दाव्यावरच्या कालवडीला विषाणू देते.

एवढी एक गोष्ट पक्की ध्यानात असली, की पुढची सगळी काळजी आपोआप कळते.

तीन विषाणू, तीन स्वभाव

पहिला बोव्हाइन हर्पीस-१. डॉक्टर लोक त्याच्या आजाराला आयबीआर म्हणतात. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या गोठ्यांत तो ओळखला गेला, भारतात पहिली नोंद १९७६ ची. त्यानंतर देशभर रक्त तपासलं गेलं तेव्हा बहुतेक राज्यांत त्याच्या खुणा सापडल्या, कर्नाटकही त्यात आलं. लागण झाल्यावर दोन ते सहा दिवसांत १०४ ते १०७ फॅरनहाइट ताप चढतो. नाकाच्या आत पाहिलं तर अस्तर लालभडक. डोळ्यांतून आधी पाणी, मग चिकट घाण. दूध एकदम उतरतं. दहा-बारा दिवसांत गाय सावरते. खरा फटका नंतर बसतो. लागणीनंतर तीन ते आठ आठवड्यांत चार ते आठ महिन्यांची गाभण गाय गाभडते, आणि दीड-दोन महिन्यांपूर्वीच्या सर्दीशी त्याचा संबंध कुणाला लागत नाही. दोष जातो पाय घसरण्यावर, नाहीतर दृष्ट लागण्यावर. हा विषाणू मेंदूत क्वचित जातो. गेलाच तर बहुतेक अगदी लहान वासरांत, ज्यांना चीक वेळेवर मिळालेला नसतो.

दुसरा बोव्हाइन हर्पीस-५. हा मेंदूचाच. पूर्वी याला पहिल्याचाच एक पोटप्रकार समजत, १९९२ मध्ये त्याला स्वतंत्र विषाणू मानलं गेलं. दोघांची जनुकं साधारण ८५ टक्के सारखी, पण उरलेल्या फरकाने स्वभाव पार बदलतो. पहिला गाठीत जाऊन थांबतो, दुसरा पुढे जातो. नाकाच्या अगदी वरच्या भागात वास घेणाऱ्या नसा असतात आणि त्या थेट मेंदूच्या पुढच्या टोकाला जोडलेल्या असतात. हा विषाणू तो आडमार्ग धरून मेंदूत उतरतो आणि पुढच्या भागाचा पार चिखल करतो. याच्या सर्वाधिक नोंदी अर्जेंटिना, ब्राझील, उरुग्वे या देशांतल्या आहेत, ऑस्ट्रेलियातही तो माहीत आहे. सापडतो तो बहुतेक दूध तुटल्यापासून दोन वर्षांपर्यंतच्या जनावरांत. आईच्या चिकातून आलेलं संरक्षण चार-सहा महिन्यांनी संपतं, त्याच सुमारास वासराला वेगळं बांधतात, विकतात, गाडीत घालतात. अगदी नेमक्या वेळी दार उघडं सापडतं.

लक्षणं एकामागून एक येतात. एक-दोन दिवस नुसता मलूलपणा आणि नाकडोळ्यांतून पाणी. मग दात खाणं, लाळ, अंग थरथरणं, एकाच बाजूला फिरणं, डोकं भिंतीला दाबून धरणं, आंधळेपण. शेवटी आडवं पडून पाय झाडणं. चार दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत हे चालतं आणि मेंदूची लक्षणं दिसलेली बहुतेक जनावरं दगावतात. एका गोठ्यात एक, फार तर दोन-चार जनावरांना होतं, सगळी दावण एकदम झोपत नाही. म्हणूनच तो "नशिबाने गेलेलं जनावर" या खात्यात सहज जमा होतो.

तिसरा मेंढरांकडून येतो आणि आपल्या सीमाभागासाठी तो सगळ्यात महत्त्वाचा, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो स्वतंत्र मांडायला हवा.

एक चौथाही आहे, बोव्हाइन हर्पीस-२. त्याने अंगावर गाठी उठतात आणि २०२२ च्या लम्पीनंतर लोक त्याला लम्पीच समजून घाबरतात. मेंदूशी त्याचा संबंध नाही, जनावर आपोआप बरं होतं. त्याला इथेच सोडू.

बकरी बसवणं आणि डोळ्यातला पांढरा पडदा

सुगी संपली की अथणी, रायबाग, चिक्कोडी, हुक्केरी भागांत धनगरांचे, कुरुबांचे कळप फिरतात. रान मोकळं झालं की शेतकरी त्यांना बोलावतो, दोन-तीन रात्री रानात बकरी बसवतो, म्हणजे मेंढरं मुक्कामाला ठेवतो. लेंडी आणि मूत थेट जमिनीत जातं, पिकाला त्याहून चांगलं खत नाही. या रिवाजाविरुद्ध आमचं काहीही म्हणणं नाही, उलट तो टिकावा. फक्त मेंढरांच्या अंगात एक हर्पीस विषाणू असतो, ओव्हाइन हर्पीस-२. बहुतेक मेंढरं तो जन्मभर वागवतात आणि त्यांना काडीचाही त्रास होत नाही. सहा ते नऊ महिन्यांची कोकरं तो सगळ्यात जास्त बाहेर टाकतात, नाकाच्या शेंबडावाटे. तो गायी-म्हशीच्या नाकात गेला, तर मॅलिग्नंट कॅटॅरल फीव्हर नावाचा जवळजवळ नेहमीच जीव घेणारा आजार होतो. कर्नाटकातल्या गायींत हा आजार दहा-बारा वर्षांपूर्वी विषाणूची जनुकं ओळखणाऱ्या चाचणीने पक्का झालेला आहे. तेव्हा "परदेशातलं दुखणं" म्हणून तो बाजूला सारता येत नाही.

ओळखायला डोळा बघा, आणि जवळून बघा. गायीच्या बुबुळावर पांढरं पडण्याची दुखणी पुष्कळ आहेत. नेहमीच्या, जंतूमुळे येणाऱ्या डोळ्यांत पांढरेपणा मध्यावर ठिपक्यासारखा सुरू होतो आणि बाहेर पसरतो, बहुतेक वेळा एकाच डोळ्यात. मेंढरांकडून आलेल्या या आजारात दोन्ही डोळे धरतात आणि पांढरेपणा कडेपासून सुरू होतो. जिथे पांढरा आणि काळा भाग भेटतो तिथे आधी धुरकट कडी उमटते, ती दिवसागणिक आत सरकत मधलं काळं झाकून टाकते. गाय उजेडाकडे बघत नाही, पापण्या मिटून घेते. सोबत १०६ च्या वर ताप, नाकातून घट्ट दोरीसारखा शेंबूड, नाकपुडीवर खपल्या, नाकातोंडाला घाण वास. जबड्याखालची आणि खांद्यापुढची गाठ हाताला फुगलेली लागते. गालांच्या आत जी टोकदार काट्यांसारखी उंचवट्यांची रांग असते, तिची टोकं झडून बोथट, लाल होतात. शेवटी मेंदू धरतो: थरथर, झोकांड्या, कधी अंगावर धावून येणं, मग झटके. पाच ते दहा दिवसांत खेळ आटोपतो.

तोंडात जखमा आणि लाळ बघून पुष्कळजण याला लाळ्या-खुरकूत समजतात. खुरकूत गोठ्यातल्या एकीला झाला की चार दिवसांत सगळ्यांना होतो, खुरातही फोड येतात आणि मोठी गाय बहुधा वाचते. इथे दावणीतली एकच गाय धरते, शेजारचीला काहीच होत नाही. याचं कारण फार महत्त्वाचं आहे: गायीकडून गायीला हा विषाणू जात नाही, गाय ही त्याची आंधळी गल्ली. त्यामुळे आजारी गायीपायी बाकीच्या विकून टाकायची गरज नाही. मेंढरांचा संपर्क तोडला की पुरे. मात्र लागण आणि आजार यांत आठवडे, कधी काही महिने जातात. कळप फाल्गुनात येऊन गेलेला असतो आणि गाय आषाढात आजारी पडते, म्हणून डॉक्टरांना मागच्या सहा महिन्यांचं सांगा. रानात बकरी कधी बसवली, कुठल्या कडेला, गोठा तिथून किती लांब.

करायचं ते अवघड नाही. बकरी गोठ्यालगतच्या तुकड्यात न बसवता लांबच्या रानात बसवावीत. गायी-म्हशींची पाण्याची टाकी, डोणी आणि वैरणीची जागा कळपाला वापरू देऊ नये. कळप असेपर्यंत जनावरं त्या रानात किंवा वाऱ्याच्या खालच्या अंगाला बांधू नयेत. हा विषाणू शेंबूड ओला असेपर्यंतच तग धरतो, उन्हात लवकर मरतो, म्हणून कळप गेल्यावर दोन-चार कडक उन्हं खाल्लेल्या रानाची भीती उरत नाही. खरा धोका वेगळाच आहे आणि तो घरोघरी आहे. जत्रेसाठी, म्हाईसाठी आणलेलं बकरं महिनोन् महिने गायीच्याच गोठ्यात, तिच्याच गव्हाणीशी बांधलेलं असतं. ते कोवळं असतं, म्हणजे नेमकं सगळ्यात जास्त विषाणू टाकण्याच्या वयातलं. ते वेगळ्या छपराखाली बांधा. जागा नसेल तर निदान गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, वेगळी बादली आणि वेगळं घमेलं ठेवून. म्हैस गायीपेक्षाही या विषाणूला लवकर बळी पडते, हे पंढरपुरी आणि मुऱ्हा पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. आणि या विषाणूवर लस नाही.

पहिल्या दिवशी काय करायचं

मेंदूची लक्षणं दिसलेलं प्रत्येक जनावर तपासणीने वेगळं ठरेपर्यंत रेबीजचंच, म्हणजे पिसाळलेलंच समजा. कुत्रा चावल्याचं कुणी पाहिलं नसलं तरी. चावा महिनाभरापूर्वी, कधी त्याच्याही आधी झालेला असतो आणि जखम भरून केसांखाली लपलेली असते.

गाय लाळ गाळते, घोट उतरत नाही, आवाज घोगरा झालाय, लगेच कुणीतरी म्हणतं, "घशात काहीतरी अडकलंय, हात घालून बघू." तोंडात हात घालू नका. रेबीजच्या गायीकडून माणसाला धोका होण्याची ही सगळ्यात नेहमीची वाट आहे. नांगरणीत, ऊसतोडीत चिरलेल्या बोटांतून लाळ आत शिरायला चावा लागत नाही. काढ्याची नळी पाजू नका, मिठाचं पाणी तोंडात ओतू नका. घोट न उतरणाऱ्या जनावराच्या फुप्फुसात ते पाणी जातं आणि गाय त्यानेच मरते.

जनावर लांब दाव्याने, खांबाला, बाकीच्यांपासून वेगळं बांधा. पोरांना तिथे जाऊ देऊ नका. गव्हाण, बादली वेगळी ठेवा. या गायीचं दूध डेअरीला घालू नका, घरातही वापरू नका. लाळ जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. तिथे कातडीत द्यायच्या लसीच्या तारखा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात. जखम असेल तर सीरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते विचारून घ्या. मग १९६२ वर फोन करा. हा फिरत्या पशुवैद्यकीय गाडीचा नंबर आहे. गाव, जनावराचं वय, लक्षणं कधीपासून, गोठ्यात आणखी कुणाला ताप किंवा सर्दी आहे का, एवढं एका दमात सांगा.

डॉक्टर आल्यावर चक्र कसं फिरतं

मेंदू बिघडवणारी दुखणी डझनभर आहेत. त्यातली काही तासाभरात औषधाने पालटतात, म्हणून डॉक्टर आधी ती पकडतात. ऊसपट्ट्यात सगळ्यात पहिला संशय बी-१ या जीवनसत्त्वाच्या तुटवड्याचा. कारखान्यातलं मोलॅसिस भरपूर खाल्लेलं, किंवा लग्नाचा उरलेला भात-पुऱ्या बादलीभर ओतलेल्या जनावराच्या पोटात आंबट होतं, बी-१ तुटतं, मेंदूला सूज येते. ते जनावरही आंधळं होतं, डोकं दाबतं, वर्तुळात फिरतं. अगदी हर्पीस-५ सारखंच. इतकं सारखं, की ब्राझीलमध्ये हे दोन आजार एकमेकांत मिसळून गेले होते. फरक औषध दिल्यावर कळतो. शरीराच्या दर किलोला १० मिलिग्रॅम थायामिन (हेच बी-१), म्हणजे तीनशे किलोच्या गायीला ३ ग्रॅम, पहिला डोस शिरेतून सावकाश, मग दर सहा तासांनी. दिवसाभरात नजर आणि चाल सुधारू लागली, तर ते हर्पीस नव्हे. काहीच फरक पडला नाही, तर विषाणूकडे वळायचं.

डोळ्याची एक छोटी तपासणी डॉक्टर इथे करतात. डोळ्यासमोर हात हलवला तर गाय पापणी मिटत नाही, म्हणजे तिला दिसत नाही. पण बॅटरीचा झोत टाकला की बाहुली नीट आकसते. म्हणजे डोळा आणि त्याची नस शाबूत, बिघाड मेंदूच्या मागच्या भागात. बी-१ चा तुटवडा, हर्पीस-५ आणि शिशाची विषबाधा, तिन्हींत असं होऊ शकतं. शेवटच्यासाठी गोठ्यात ट्रॅक्टरची जुनी बॅटरी, रंगाचा डबा पडला आहे का ते पाहतात. याउलट एकाच बाजूचा कान लोंबला, ओठ सुटला, त्याच बाजूने लाळ गळते, तर मुरघासातून येणारा लिस्टेरिया नावाचा जंतू. बाहुली टाचणीएवढी, अंगात फडफड आणि सगळं काही तासांत झालं, तर फवारलेल्या मक्यातून गेलेलं कीटकनाशक. संकरित गायीला अंगभर गोचीड आणि सुजलेल्या गाठी असतील, तर डोक्यात चढलेला थायलेरिया, हा गोचिडातून येणारा रक्तातला परजीवी. त्यासाठी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घेतात, उत्तर तिथल्या तिथे मिळतं.

उरलं ते प्रयोगशाळेचं काम, आणि आपल्याकडे साखळी नेमकी इथे तुटते. नमुना घेतला जातो मेल्यावर, तोही कधीकधी दुसऱ्या दिवशी, फुगल्यावर. हर्पीस-१ किंवा ५ चा संशय असेल तर जनावर जिवंत असताना, पहिल्या तीन-चार दिवसांत, दोन्ही नाकपुड्यांतून खोल घेतलेला निर्जंतुक बोळा हवा. तो कोरडा पाठवायचा नाही. विषाणूसाठीच्या द्रावात, बर्फावर ठेवून, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पोचवायचा. रक्त दोनदा घ्यायचं, आज आणि दोन-तीन आठवड्यांनी. प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली द्रव्यं, चौपट वाढली तर लागण ताजी होती. एकाच रक्तात प्रतिपिंडं सापडली म्हणून निदान होत नाही, ती जुनी असू शकतात. प्रतिपिंडं शोधणाऱ्या नेहमीच्या एलायझा चाचणीला १ आणि ५ यांतला फरकही कळत नाही, तो विषाणूची जनुकं ओळखणाऱ्या पीसीआर चाचणीनेच कळतो. "आयबीआर पॉझिटिव्ह" हा कागद हातात आला, तरी मेंदूच्या लक्षणांचं कारण सापडलं असं नाही, हे डॉक्टरांशी बोलून घ्यावं. मेंढरांकडच्या आजारासाठी जांभळ्या टोपणाच्या नळीत ५ ते १० मिलिलिटर रक्त, बर्फावर. ते गोठवू नका, नाहीतर पांढऱ्या पेशी फुटतात आणि विषाणू त्यांच्यातच असतो.

मेलेल्या जनावराची कवटी घरच्यांनी किंवा कातडं सोलणाऱ्याने फोडू नये. ते काम लस घेतलेल्या, हातमोजे-चष्मा घातलेल्या डॉक्टरांचं. मेंदूचा एक भाग बर्फावर जातो, एक भाग त्याच्या दहापट, दहा टक्क्यांच्या फॉर्मेलिनमध्ये. रेबीजसाठी मागचा भाग आणि लहान मेंदू लागतो, हर्पीस-५ साठी अगदी पुढचं टोक. पुढचं टोक मागायचं राहून गेलं, तर रेबीज नाही एवढंच उत्तर येतं आणि कारण अंधारातच राहतं. म्हणून नमुना पाठवायच्या कागदावर "रेबीजसोबत हर्पीसचीही तपासणी व्हावी" असं लिहून घ्या. कागद कन्नडमध्ये असतो, न कळल्यास वाचून दाखवायला सांगा. तो तुमच्या जनावराचा कागद आहे. बेंगळुरूमध्ये पशुरोगांवरची केंद्र सरकारची एक संस्था आहे, आयबीआरची चाचणी तिने स्वतः विकसित केलेली आहे. म्हणजे सोय आपल्याच राज्यात आहे, नमुना तिथवर चांगल्या स्थितीत पोचायला हवा.

एका इंजेक्शनाबद्दल

मेंदूची लक्षणं सुरू झाल्यावर हर्पीसवर खात्रीचं औषध नाही. नुसता आयबीआर असेल तर आराम, सावली, हिरवा चारा, तापासाठी मेलॉक्सिकॅम आणि फुप्फुसात जंतू बसू नयेत म्हणून अँटिबायोटिक, एवढ्यावर गाय निघते. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, ते मागूही नका.

पण गावात ताप, सूज, लंगडणं, दूध कमी, सगळ्यांवर एक स्वस्त इंजेक्शन टोचलं जातं: डेक्सामेथासोन. ते स्टिरॉइड आहे. दोन तासांत ताप उतरतो, गाय वैरणीला तोंड लावते, टोचणाऱ्याचं नाव होतं. विषाणूचा अभ्यास करणाऱ्यांना गाठीत झोपलेला हर्पीस जागा करायचा असतो तेव्हा ते गायीला काय देतात? हेच डेक्सामेथासोन, रोज एक, पाच दिवस. काही दिवसांत नाकातून विषाणू बाहेर पडायला लागतो. प्रयोगशाळेत जे मुद्दाम करतात, ते आपण गोठ्यात नकळत करतो, आणि तेही दहा गायींच्या मधोमध. शिवाय शेवटच्या तीन महिन्यांतल्या गाभणीला ते दिलं, तर गाय त्यानेच गाभडू शकते. काही दुखण्यांत डॉक्टर ते विचारपूर्वक देतात, ते वेगळं. इंजेक्शन कोणतं हे विचारायचा हक्क मालकाला आहे. बाटलीवरचं नाव वाचा, वहीत लिहा. ताप आहे पण कारण माहीत नाही, अशा वेळी स्टिरॉइडला नको म्हणा.

नवं जनावर, वळू आणि लस

हर्पीस गोठ्यात शिरतो तो बहुतेकदा विकतच्या जनावराबरोबर. आठवडी बाजारातून किंवा चिंचली मायाक्काच्या जत्रेतून आणलेली गाय गाडीत उपाशी, तहानलेली, घाबरलेली येते. झोपलेला विषाणू उठायला याहून चांगला मुहूर्त नाही. तिला तीन ते चार आठवडे वेगळ्या छपराखाली ठेवा, सगळ्यांची धार काढून शेवटी तिची काढा, सकाळ-संध्याकाळ ताप बघा. घेण्याआधी आयबीआरचं रक्त तपासून घेतलं तर उत्तम. पॉझिटिव्ह निघाली म्हणजे ती वाईट गाय नव्हे. पण ज्यांच्या गोठ्यात हा विषाणू नाहीच, त्यांनी ती घेऊ नये. जागा धुताना आधी शेण-मूत खरवडून काढा, नाहीतर क्लोरीन शेणातच खर्ची पडतं. मग लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर. हा विषाणू चरबीच्या आवरणाचा आहे, उन्हाळ्यात लवकर मरतो. पावसाळी ओलसर गोठ्यात महिनाभरही तग धरू शकतो.

वीर्यातूनही आयबीआर जातो. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जसं वीर्य जिवंत राहतं तसा विषाणूही राहतो. म्हणून मान्यताप्राप्त केंद्रांवर वळूंची आयबीआर तपासणी होते. तपासलेल्या केंद्राची कांडी घ्यावी. गावातला फिरता वळू आणि विशेषतः म्हशींना दाखवला जाणारा रेडा कुणी तपासलेला नसतो. रेतनानंतर दोन-तीन दिवसांत योनीच्या आतल्या कडेला बारीक पांढरे फोड, सूज, शेपटी वर धरणं दिसलं, तर त्या वळूला पुढची जनावरं दाखवू नका आणि डॉक्टरांना दाखवा.

आयबीआरवर लस आहे. मृत लसीचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, साधारण तीन महिन्यांच्या वयापासून, मग कंपनीने सांगितलेल्या मुदतीनुसार पुन्हा. लस गाठीतला विषाणू काढत नाही, पण तो उठला तर कमी बाहेर पडतो आणि गाभडण्याचं प्रमाण घटतं. हर्पीस-५ पासूनही तिने काही प्रमाणात आडोसा मिळतो, कारण दोघं भाऊभाऊ. घ्यायचीच असेल तर मार्कर लस घ्या. तिच्यातल्या विषाणूचं एक प्रथिन मुद्दाम काढलेलं असतं, त्यामुळे पुढे रक्त तपासलं तर गायीला लस दिली होती की खरी लागण झाली होती, हे वेगळं ओळखता येतं. साधी लस दिलेली गाय तपासणीत कायम पॉझिटिव्ह दिसते आणि विकायच्या वेळी घोळ होतो. डेन्मार्क, स्वित्झर्लंड, जर्मनी या देशांनी तपासणी करून पॉझिटिव्ह जनावरं हळूहळू बाजूला काढत आयबीआर संपवला. आपल्याकडे चार गायींवर घर चालतं, त्या मार्गाने जाणं सोपं नाही. म्हणून लस, विलगीकरण आणि चीक.

चीक शेवटी आला म्हणून दुय्यम समजू नका. वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत, उरलेला बारा तासांच्या आत. जार पडायची वाट बघत वासराला ताटकळत ठेवू नका. लहान वासराच्या मेंदूपर्यंत हर्पीस-१ पोचण्याची वाट या पहिल्या बारा तासांत बंद होते.